लूमच्या कार्डातील चिप : पुसण्याआधी वाचून ठेवा

परदेशातून आणलेले सेकंडहँड रेपियर माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या ठिकाणी अजून पुष्कळ कारखान्यांत चालू आहेत. आणले तेव्हाच ते दहा-पंधरा वर्षे वापरलेले होते. त्यानंतर आमच्याकडील रूई, उकाडा आणि विजेचा लपंडाव सोसून ते आजही कापड काढीत आहेत, ही आमच्या कारागिरांची आणि जॉबरांची कमाल म्हणावी लागेल. गिअर झिजला तर येथेच बनवून मिळतो, पट्टा तुटला तर नवा मिळतो. परंतु मागाच्या पेटीत जे इलेक्ट्रॉनिक कार्ड असते आणि त्यावर काचेची लहानशी खिडकी असलेली जी चिप असते, तिच्यापुढे भला भला जॉबर हात टेकतो. कारण बिघाड डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही.

या चिपला ईप्रॉम म्हणतात. मागाने केव्हा रेपियर सोडावा, कोणत्या रंगाचे बाण्याचे सूत उचलावे, धागा तुटला तर किती वेळात थांबावे, हा सारा हुकूमनामा त्या चिपमध्ये लिहिलेला असतो. जुन्या एम्ब्रॉयडरी मशीनमध्ये, जुन्या खराद यंत्रांच्या कंट्रोलमध्येही हीच चिप आढळते. म्हणून कापडवाल्यांखेरीज इतर कारागीर बंधूंनाही या लेखाचा उपयोग व्हावा.

आम्ही इंजिनिअर नाही, कापडाचे व्यापारी आहोत. जे शिकलो ते नुकसान सोसून शिकलो. २००९ साली ईदच्या मालाचे दिवस होते आणि आमच्या कारखान्यातील एक माग अधूनमधून आपोआप थांबू लागला. कार्ड रिपेअर करणाऱ्या एका कारागिराला बोलाविले. त्याने चिप काढली, तिच्यावरची कागदी पट्टी सोलून फेकून दिली आणि चिप पुसायच्या पेटीत टाकली. विचारले तर म्हणाला, ‘सेठ, शेजारचा माग याच कंपनीचा आहे, त्याच्या चिपची नक्कल यात भरून देतो.’ नक्कल भरली, माग सुरू झाला, पण रंग निवडणारी बोटे भलत्याच क्रमाने उठू लागली. शेजारचा माग चार रंगांचा, हा आठ रंगांचा. कंपनी एक, प्रोग्रॅम निराळा. कोणता प्रोग्रॅम होता ते त्या सोललेल्या पट्टीवर लिहिलेले होते आणि पट्टी कचऱ्यात गेली होती.

तेवीस दिवस माग उभा राहिला. बिमावर ताणा चढविलेला, पार्टीचा रोज तगादा. मागावरचे दोन्ही कारागीर मीटरवर काम करणारे. माग बंद म्हणजे त्यांची मजुरीही बंद. आम्ही खर्ची देत राहिलो, तरी ऐन सणाच्या तोंडावर त्यांच्या घरी जी ओढाताण झाली ती खर्चीने भरून निघण्यासारखी नव्हती. शेवटी मालेगावच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे तसाच आठ रंगांचा माग निघाला. त्यांनी दोन दिवस आपला माग थांबवून चिप आमच्या हवाली केली. तिची नक्कल करून बसविली तर माग पुन्हा पहिल्यासारखाच अधूनमधून थांबू लागला! मग दुसऱ्या एका जाणत्या कारागिराने चिमट्याने सॉकेटची एक पिन उचलून दाखविली, ती काळी पडून ढिली झाली होती. सॉकेट बदलले आणि माग चालला. म्हणजे आमची मूळ चिप मुळात खराब नव्हतीच. चांगली चिप पुसून टाकली आणि त्यापायी तेवीस दिवस घालविले.

चिपमध्ये काय असते

आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट समजणे कठीण नाही. जेकार्डचे पुठ्ठे आपण सर्वांनी पाहिले आहेत. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास तो माग चालविला. पुठ्ठ्यावर जेथे भोक तेथे एक हुकूम, जेथे भोक नाही तेथे दुसरा. ईप्रॉममध्येही असेच हजारो ठिपके असतात. कोऱ्या चिपमधील प्रत्येक ठिपका ‘एक’ असतो. प्रोग्रॅम भरणे म्हणजे हवे तेथे भोक पाडून ‘एक’ चे ‘शून्य’ करणे. आता पुठ्ठ्यावर चुकीचे भोक पडले तर ते बुजविता येत नाही, नवा पुठ्ठा घ्यावा लागतो. ईप्रॉमचेही तसेच आहे. शून्याचा पुन्हा एक करायचा तर एकच एक ठिपका निवडून करता येत नाही, सारी चिप पुसून कोरी करावी लागते. फरक एवढाच की येथे जुनाच पुठ्ठा नवा होऊन परत मिळतो.

हे भोक विजेचे असते. प्रत्येक ठिपक्यात चारी बाजूंनी काचेसारख्या पदार्थात बंद केलेला एक सूक्ष्म कप्पा असतो. जास्त व्होल्टेज देऊन त्यात विजेचे कण कोंबले की ते आत अडकून पडतात आणि वीज बंद केली तरी वर्षानुवर्षे तेथेच राहतात. अतिनील किरण खिडकीतून आत पडले की त्या कणांना जोर मिळतो आणि ते बाहेर निसटतात. इंटेल कंपनीतील डोव्ह फ्रोमान यांनी १९७१ साली ही चिप तयार केली. ज्या चिपांमधील आतले जोड तुटले होते अशा सदोष चिपांची तपासणी करताना त्यांना ही कल्पना सुचली, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

परंतु कायमची कैद जगात कुठलीच नाही. कंपन्या साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक मुदतीची खात्री देत असत. प्रत्यक्षात चिपा त्याहून पुष्कळ जास्त टिकल्या आहेत. तरी आमच्या मागांतील चिपा आता तीस वर्षांच्या घरात आल्या. त्यात कार्डाजवळची उष्णता. ज्याची चिप आज चालू आहे त्याने ती आजच वाचून ठेवावी, असे आम्ही म्हणतो ते याकरिता.

आधी चिपवर शंका घेऊ नये

माग थांबला की सर्वप्रथम चिप उपटण्याची घाई करू नये. कार्डाला मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा मीटर लावून पाहावा. तो ४.७ वर घसरला असेल तर चांगली चिपही गडबडते आणि दोष बहुधा पुरवठ्यातील जुन्या कपॅसिटरचा निघतो. त्यानंतर वीज बंद करून चिप जागच्या जागी दाबावी. मागाच्या हादऱ्याने ती सॉकेटमधून हळूहळू वर येत असते. तरी फरक पडला नाही तर चिप काढून तिचे पाय पाहावेत. काळे पडले असतील तर खोडरबराने हलक्या हाताने घासावेत आणि रबराचा भुगा झटकून टाकावा. सॉकेट ढिले असेल तर ते बदलणे हाच इलाज, पिना वाकवून घट्ट केलेले सॉकेट महिन्याभरात पुन्हा ढिले होते.

आणखी एक फसगत बॅटरीची. पुष्कळ कार्डांवर नाण्याएवढी किंवा डबीसारखी एक बॅटरी असते. मागाचे सेटिंग, म्हणजे पिकांची संख्या, रंगांचा क्रम, थांबण्याच्या वेळा, हे ईप्रॉममध्ये नसून त्या बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या दुसऱ्या चिपमध्ये असते. बॅटरी मेली की सेटिंग जाते आणि लोक म्हणतात प्रोग्रॅम उडाला. पडद्यावरचे सेटिंग वहीत उतरवून ठेवले असेल तर नवी बॅटरी बसवून दहा मिनिटांत माग चालू होतो.

वाचणे हे पहिले काम

आता चिप काढायचीच ठरली तर कोणत्या सॉकेटमधली कोणती चिप, तिच्या खाचेचे तोंड कुठल्या बाजूला होते, पट्टीवर काय लिहिले आहे, याचा मोबाइलने फोटो काढावा. आमच्या काळ्या पडलेल्या पिनेला कोणी फोटो काढला नव्हता, तेव्हा असे मोबाइलही सर्वांकडे नव्हते. आज निमित्त राहिलेले नाही.

संगणकाला यूएसबीने जोडायचा प्रोग्रामर आज काही हजार रुपयांत मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारावे. दोन-चार कारखानदारांनी मिळून एक घेतला तरी भागते. चिप त्यात बसवून, पडद्यावर तिचा नेमका नंबर निवडून, प्रथम ‘वाचा’ हा हुकूम द्यावा. एकदा नव्हे, तीनदा. दरवेळी चिप काढून पुन्हा बसवावी. प्रोग्रामर प्रत्येक वेळी सर्व आकड्यांची एक बेरीज दाखवितो, तिला चेकसम म्हणतात. तिन्ही वेळा बेरीज जुळली तर वाचन खरे समजावे आणि फाइल संगणकात व पेनड्राइव्हवर अशी दोन ठिकाणी ठेवावी. आमच्यासारख्यांना हे समजायला सोपे आहे. रोकड तीनदा मोजून जुळल्याशिवाय आपण तिजोरी बंद करतो काय?

बेरीज दरवेळी निराळी येत असेल तर दोन शक्यता आहेत. पायांचा संपर्क नीट नसेल, तो आधी साफ करावा. साफ करूनही फरक राहिला तर चिपमधील कण गळू लागले आहेत आणि काही ठिपके शून्य आणि एक यांच्यामध्ये लटकत आहेत असे समजावे. अशा वेळी प्रोग्रामरमध्ये वाचनाचे व्होल्टेज बदलण्याची सोय असल्यास ते ५ वरून ४.५ च्या आसपास आणून वाचून पाहावे. अर्धवट गळलेला ठिपका कमी व्होल्टेजवर पुन्हा शून्य म्हणून वाचला जाण्याचा संभव असतो. असे करून बेरीज स्थिर झाली तर ती फाइल नव्या चिपमध्ये भरून मागावर चालवून पाहावी, आणि जुनी चिप हरगिज पुसू नये.

वाचल्यावर सर्वत्र ‘एफएफ’ दिसले तर चिप कोरी आहे असे लगेच मानू नये. पुष्कळ प्रोग्रामरमध्ये रिकामे सॉकेटही कोरे म्हणूनच वाचले जाते! चिप एक घर वर-खाली बसली, खटका अर्धा दाबला गेला, तरी हेच चित्र दिसते. २४ पायांची चिप २८ किंवा ४० पायांच्या सॉकेटमध्ये कुठे बसवायची ते पडद्यावरचे चित्र पाहूनच ठरवावे. उलटी बसली तर ती गरम होऊन मरते, हाताला चटका बसला की समजावे.

पुसताना होणाऱ्या चुका

पुसण्याकरिता अतिनील किरण लागतात हे सर्वांना ठाऊक असते, पण कोणते, हे ठाऊक नसते. लागतात ते २५४ नॅनोमीटर लांबीचे. आम्ही स्वतः एकदा दुकानातील नोटा तपासण्याच्या निळ्या दिव्याखाली रात्रभर चिप ठेवली होती. सकाळी पाहिले तर एक ठिपकाही हलला नव्हता. तो दिवा ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा. नखांच्या पॉलिशचा दिवा, बाजारात मिळणारे जांभळे एलईडी हेही त्याच जातीचे, त्यांचा उपयोग नाही. उपयोग होतो तो जंतू मारणाऱ्या नळीचा. पाण्याच्या फिल्टरमधील यूव्ही नळी याच प्रकारची असते.

चिपच्या कंपन्यांनी दिलेला हिशेब असा की दर चौरस सेंटिमीटरला १५ वॅट-सेकंद एवढे किरण पडले पाहिजेत. १२,००० मायक्रोवॅट देणारा दिवा एका इंचावर ठेवला तर त्याला १५ ते २० मिनिटे लागतात. नळी लहान असेल किंवा अंतर वाढले तर वेळ पुष्कळ वाढतो. नळी जुनी झाली म्हणजे तिचा निळा उजेड तसाच दिसतो, पण अतिनील किरण कमी झालेले असतात. उजेडावरून नळीची ताकद ओळखता येत नाही. पूर्वी वीस मिनिटांत पुसणारी पेटी तास घेऊ लागली तर नळी बदलावी.

सर्वात जास्त चुका खिडकीच्या असतात. चिपवरची पट्टी सोलल्यावर तिचा चिकट थर खिडकीवर राहतो. आपल्याला तो पारदर्शक दिसतो, या किरणांना मात्र तो भिंतीसारखा असतो. बोटाचा तेलकट डागही अडथळा करतो. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खिडकी स्वच्छ पुसावी आणि मगच पेटीत ठेवावी. एका गृहस्थांनी धूळ पडू नये म्हणून चिपांवर साध्या काचेचा तुकडा ठेवला होता आणि दिवा खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडत होते. साधी काच हे किरण जाऊ देत नाही, चिपची खिडकी क्वार्ट्झची असते ती याचसाठी.

अर्धवट पुसलेली चिप ही फार दगाबाज असते. कोरेपणाच्या तपासणीत ती पास होते, प्रोग्रॅमही भरला जातो, आणि आठ दिवसांनी माग मध्येच चुकतो. ठिपके ‘एक’ च्या काठावर येऊन थांबलेले असतात, तपमान किंवा व्होल्टेज थोडे हलले की पुन्हा शून्य दिसू लागतात. आमचा तजुर्बा असा की चिप प्रथम कोरी दिसायला जेवढा वेळ लागला, निदान तेवढाच आणखी द्यावा. जास्त वेळाने चिप जळेल ही भीती बाळगू नये. कंपन्यांच्या हिशेबाने त्या प्रखर दिव्याखाली आठवडाभर ठेवल्यावर नुकसानीची मर्यादा येते. दहा-वीस मिनिटे जास्त झाली तर काही बिघडत नाही.

डोळ्यांची मात्र काळजी घ्यावी. उघड्या नळीकडे पाहिले तर त्या वेळी काहीच जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. वेल्डिंगचे काम करणाऱ्यांना हा त्रास ठाऊक आहे. पेटी उघडताच नळी बंद होईल असा स्विच असल्याशिवाय ती कारखान्यात ठेवू नये, विशेषतः जेथे लहान मुले येतात तेथे.

भरताना व्होल्टेज सांभाळावे

भरण्याच्या वेळी चिपा मरतात त्या बहुधा चुकीच्या व्होल्टेजने. इंटेलच्या २७१६ ला २५ व्होल्ट लागतात. २७३२ लाही २५, पण २७३२ए ला २१. २७६४ ला २१, तर २७६४ए ला १२.५. एका अक्षराचा फरक आणि चिप खलास. पुढच्या २७सी२५६, २७सी५१२ या चिपा १२.५ ते १३ व्होल्टच्या आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस २७१६ तर नावाने २७१६ असूनही तिला तीन निरनिराळे व्होल्टेज लागतात, ती दुसऱ्या २७१६ च्या जागी चालत नाही. उलट बाजूने, आजच्या स्वस्त प्रोग्रामरपैकी काहींना २५ व्होल्ट देताच येत नाहीत. त्यावर जुनी २७१६ वाचता येते, भरता येत नाही. पहिल्याच ठिपक्यावर ‘चूक’ असा संदेश आला तर चिपला शिव्या देण्याआधी हे पाहावे.

नव्या चिपा आपली ओळख स्वतः सांगतात. प्रोग्रामर एका पायावर १२ व्होल्ट देऊन कंपनीचा आणि नमुन्याचा क्रमांक वाचतो. ओळख जुळली नाही तर ‘दुर्लक्ष करा’ हे बटण दाबू नये, बाजारात खरडून नवे नाव छापलेल्या चिपा पुष्कळ आहेत. २७१६ सारख्या जुन्या चिपला मात्र ही सोय नसते, तिच्यावर ओळख-तपासणी बंद ठेवावी.

वेळेचाही एक मुद्दा आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक घराला ५० मिलिसेकंदांचा झटका देत. २७१६ मध्ये २,०४८ घरे, म्हणजे पावणेदोन मिनिटे लागत. २७सी२५६ मध्ये ३२,७६८ घरे आहेत. तिला तसेच झटके दिले तर सत्तावीस मिनिटे लागतील, म्हणून तिच्याकरिता शंभर मायक्रोसेकंदांचे लहान झटके ठरविले आहेत आणि सारे काम काही सेकंदांत होते. भरता भरता मध्येच बंद पडत असेल तर संगणकाचा पुढचा यूएसबी पॉइंट सोडून मागचा वापरावा, लांब वायर आणि हब काढून टाकावा. पुष्कळदा वीजच अपुरी पडत असते.

प्रोग्रॅम जुळला तरी माग चालत नाही

हा अनुभव फार जणांना येतो. प्रोग्रामर म्हणतो सर्व ठीक, माग म्हणतो नाही. आमच्या माहितीत याची कारणे ठराविक आहेत. २७सी२५६ मिळाली नाही म्हणून दुप्पट मोठी २७सी५१२ बसविली, फाइल तिच्या पहिल्या अर्ध्या भागात भरली आणि दुसरा अर्धा कोरा राहिला. आता २५६ च्या सॉकेटमध्ये पहिल्या पायावर कायम ५ व्होल्ट असतात, आणि ५१२ मध्ये तोच पाय पत्त्याचा सर्वात वरचा आकडा असतो. साहजिकच माग वरचाच अर्धा भाग वाचतो आणि त्याला कोरा कागद मिळतो. उपाय सोपा आहे, तीच फाइल दोन्ही अर्ध्या भागांत दोनदा भरावी.

दुसरे कारण जोडीच्या चिपांचे. काही कार्डांवर प्रोग्रॅम दोन चिपांत वाटलेला असतो, सम घरे एकीत आणि विषम घरे दुसरीत. त्यांची अदलाबदल झाली तर काहीच चालत नाही. तिसरे कारण वेगाचे. चिपच्या नंबरापुढे १५ असेल तर ती १५० नॅनोसेकंदांत उत्तर देते, २५ असेल तर २५० मध्ये. मूळ चिप १५ ची असताना २५ ची बसविली तर सकाळी माग चालतो आणि दुपारी कार्ड तापले की अडखळतो. जॉबर म्हणतो गर्मीचा त्रास, आणि ते अर्धे खरेही असते.

खरेदी करताना चिपला खिडकी आहे का ते पाहावे. काळ्या प्लॅस्टिकची बिनखिडकीची ईप्रॉमही मिळते. ती एकदाच भरता येते, पुसता येत नाही. तिला वाईट म्हणण्याचे कारण नाही, एका मागाच्या एका प्रतीला ती पुरते, पण पुसण्याच्या पेटीत ती ठेवून वाट पाहत बसणारे आम्ही पाहिले आहेत. २८ किंवा २९ ने सुरू होणाऱ्या नंबरच्या चिपा विजेनेच पुसल्या जातात, त्यांना दिवा लागत नाही. मात्र २८सी२५६ सारख्या काही चिपांना आतून कुलूप लावलेले असते. प्रोग्रामरमध्ये ‘संरक्षण काढा’ हा पर्याय निवडल्याशिवाय त्या काहीच लिहून घेत नाहीत, आणि माणूस त्यांना मेलेल्या समजतो. नाव खरडलेल्या चिपेची एक परीक्षा म्हणजे अॅसिटोनने तिची पाठ पुसणे. काळा रंग बोळ्यावर आला तर ती दुकानदाराला परत करावी.

चिप भरून झाली की खिडकीवर उजेड आरपार जाणार नाही अशी पट्टी लावावी. कंपन्यांच्या माहितीप्रमाणे थेट उन्हात साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत उघडी चिप पुसली जाऊ शकते. सुटी चिप थर्माकोलमध्ये खोचू नये. पॉलिएस्टरच्या सुतावर हिवाळ्यात कसे चटके बसतात ते आपल्याला सांगायला नको, त्याच विजेने चिप आतून फुटते. काळ्या फोममध्ये ठेवावी, आणि हातात घेण्यापूर्वी मागाच्या लोखंडी चौकटीला हात लावावा.

अशी नक्कल ठेवणे कायद्यात बसते का, असे काही बंधू विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, ज्याच्याकडे प्रोग्रॅम रीतसर आहे त्याने त्याच कामाकरिता, नुकसानीपासून बचाव म्हणून प्रत ठेवण्यास मुभा दिली आहे. त्या प्रती विकण्याचा धंदा करणे निराळे, त्याला मुभा नाही.

आमच्या कारखान्यात आता प्रत्येक मागाचा एक लिफाफा आहे. त्यात भरलेली एक जादा चिप, पट्टीचा फोटो, चेकसमचा आकडा आणि सेटिंगचा कागद असतो. मालेगावच्या त्या गृहस्थांच्या चिपची फाइलही आम्ही २००९ पासून जपून ठेवली होती. २०२१ साली त्यांच्याच मागाची चिप गेली आणि त्यांचा फोन आला. दुसऱ्या दिवशीच्या ट्रान्सपोर्टने चिप भरून पाठविली, आणि संध्याकाळी त्यांनी मागाचा आवाज फोनवर ऐकविला.